तीस डब्यांची खबर

ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. सिंगापूरच्या वुडलँड्स भागातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मुलगा लॅपटॉपसमोर बसला होता. पोलीस ठाण्यात उभे आयुष्य गेल्यामुळे फिर्यादीचा चेहरा मला वाचता येतो. फिर्यादी आधी गप्प बसतो, मग पाणी मागतो. मुलाने पाणी मागितले.

ही माझ्या नोकरीतली केस नव्हे. मी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो आणि पत्नी गेल्यावर मुलाकडे सिंगापूरला राहायला आलो, त्यानंतरची ही गोष्ट. अंगावर वर्दी नव्हती, हाताखाली एक हवालदारही नव्हता. पण मला विचाराल तर माझ्या हातून झालेला सर्वांत चोख तपास हाच.

इथे नवे सरकारी घर घ्यायचे तर कुटुंबाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असावे लागते, आणि तरीही सोडतीत नंबर लागावा लागतो. मुलाने इथले नागरिकत्व घेतले होते. दोन सोडतींत पदरी निराशा आली. तिसऱ्या वेळी नंबर लागला तो थेट लिटल इंडियाला लागून असलेल्या जुन्या वस्तीत. आजूबाजूला रंगीत झडपांची जुनी दुकानघरे, चालत गेल्यावर देऊळ, खाली गजरेवाले. सूनबाईंनी ती जागा पाहिली त्या दिवशी परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्या सारख्या हसत होत्या. त्यांनी माझ्या लहानग्या नातीसाठी नोकरी सोडली होती. मुलाचा एकट्याचा पगार मर्यादेच्या अगदी काठावर होता. त्यात वरची थोडीशी कमाई मिळवली तरी घर हातचे जाणार होते.

आणि आता घरांच्या कचेरीतून ईमेल आला होता. निनावी तक्रार होती. अर्जदाराची पत्नी घरातून जेवणाच्या डब्यांचा धंदा करते, दर आठवड्याला तीस डबे बेडोक आणि जुरोंग ईस्टपर्यंत जातात, ही कमाई अर्जात दाखवलेली नाही. दोन आठवड्यांत खुलासा करा, तोवर फ्लॅटची निवड थांबवली आहे.

मी ताबडतोब तपास हाती घेतला. कोणी सांगितला नव्हता, तरी घेतला. पहिला संशय शेजाऱ्यांवर. दुसरा, सांगायला लाज वाटते, सूनबाईंवर. कारण डबे जात होते हे खरेच होते. कधी पुरणपोळी, कधी नुसती भरली वांगी. इथल्या मराठी मुलामुलींना, बाळंतिणींना, आजाऱ्यांना सूनबाई डबे पाठवत असत. मी त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवले आणि समोर वही उघडली.

पैसे घेतेस का? नाही, बाबा. कधीच नाही? कधीच नाही. मग बाहेर कोणाशी याबद्दल बोललीस? त्यांनी उत्तर दिले नाही. मी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला, आमची जुनी पद्धत. त्या खाली बघत राहिल्या. मी वहीत लिहिले, उत्तर देण्यास टाळाटाळ. दोन दिवस घरात कोणी धड जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी मी मुद्देमालाकडे वळलो. माणूस खोटे बोलतो, वस्तू खोटे बोलत नाही, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचो. ओट्याखालच्या कपाटात स्टीलचे डबे होते. एकेक बाहेर काढून उलटा केला. भांड्याच्या दुकानात मशीनने टिंबाटिंबांनी नाव कोरून देतात, तशी प्रत्येकावर नावे होती. नऊ डबे, नऊ वेगवेगळी नावे. सूनबाईंच्या नावाचा एकही नाही.

मी कपाळावर हात मारला. आपल्यात कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. सूनबाईंचा डबा बेडोकला गेला की तो तिथेच राही, आणि भरून पाठवायला हाताला येईल तो त्या घरचा दुसरा डबा लाडू नाहीतर चटणी घेऊन इकडे येई. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या एका मुलाला स्वयंपाक येत नव्हता, तर तो बापडा साखर भरून पाठवी. स्वतःची भांडी गावभर वाटून गिऱ्हाइकांची भांडी घरात रचून ठेवणारा धंदेवाला मी तरी पाहिलेला नाही.

मी रीतसर पंचनामा केला. नऊ डब्यांचे फोटो, नऊ घरांना फोन. प्रत्येक घराने आपल्या ओट्यावरचा सूनबाईंच्या नावाचा डबा शोधून फोटो पाठवला आणि सोबत दोन ओळींचा जबाब. एका बाईने तर आपला डबा दोन वर्षे परत आला नाही म्हणून मलाच दटावले.

कागद लावताना एक गोष्ट खटकली. डबे नऊ. मग तक्रारीत तीस कुठून आले? पाळत ठेवणारा माणूस पाच म्हणेल, दहा म्हणेल. तीस हा मोजलेला आकडा नव्हता, फुगवलेला होता. आणि तो मी ऐकला होता. कुठे ऐकला हे आठवले तेव्हा मी पेन खाली ठेवले.

आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये सकाळी आम्ही चार-पाच म्हातारे बसतो. एकाचा मुलगा डॉक्टर, दुसऱ्याच्या मुलाचा कॉन्डो. माझ्याकडे सांगायला काय होते? म्हणून मी हिंदीत ठणकावून सांगितले होते की माझ्या सुनेच्या हातच्या डब्यांना तोड नाही, दर आठवड्याला तीस जातात, पार बेडोक आणि जुरोंग ईस्टपर्यंत, मोठा बिझनेस आहे. आजूबाजूची टेबले भरलेली होती. तक्रार कोणी केली ते मी शोधले नाही. खबऱ्या मीच होतो.

कचेरीत आम्ही तिघेही गेलो. समोर साधारण माझ्या सुनेच्या वयाच्या चिनी अधिकारी बाई होत्या. त्यांनी फोटो पाहिले, जबाब वाचले. मी पिशवीतून दोन डबे काढून उलटे करून टेबलावर ठेवले. मग उभा राहिलो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझा स्वतःचा जबाब दिला. तीस हा आकडा माझा. बढाई मारली. चूक माझी, मुलासुनेची नाही. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

त्या बाईंनी कोरलेल्या टिंबांवरून बोट फिरवले. त्यांची आजी म्हणे वाडग्यांच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका लावायची, कामपोंगमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या खेड्यात, लग्नकार्याला भांडी दिली की परत ओळखू यावीत म्हणून. मग त्या म्हणाल्या, "अंकल, यापुढे कॉफी पिताना कॉफीच प्या."

त्यानंतर पाचव्या दिवशी ईमेल आला. तक्रार निकाली, अर्ज पात्र. आम्ही जिंकलो होतो. मुलाने नववा मजला निवडला. खिडकीतून त्या जुन्या वस्तीची सगळी कौले दिसतात. मी ठाण्यात कधी पेढे वाटले नव्हते, ते त्या दिवशी लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला वाटले.

संध्याकाळी मी सूनबाईंची माफी मागितली. त्या पोळ्या लाटत होत्या.

"मला माहीत होतं, बाबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही कॉफीशॉपमध्ये तीस म्हणालात तेव्हा मी मागेच भाजी घेऊन उभी होते."

"मग मी एवढं विचारत होतो तेव्हा सांगितलं का नाहीस? घर गेलं असतं."

"घर दुसरं बघितलं असतं. तुमचं या देशात ते एकच टेबल आहे. तिथे जाणं तुम्ही बंद केलं असतं."

दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर जाऊन मी सगळे खरे सांगितले. आकडा खोटा होता, घर मात्र खरे आहे, असे म्हणालो तेव्हा सगळे हसले आणि कॉफीचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

नोकरीत मी कित्येक माणसांच्या जबाबाखाली 'उत्तर देण्यास टाळाटाळ' असे लिहिले आणि प्रत्येक वेळी ती गुन्ह्याची खूण मानली. त्यांतले किती जण कोणालातरी सांभाळत गप्प बसले असतील, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही. ते शिकायला मला निवृत्त व्हावे लागले, आणि शिकवणारी आरोपी माझ्याच घरात पोळ्या लाटत होती.