बरगडीवरची गाठ

तो आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. ऊर्जानगरला आमच्या शेजारी राहणारा बॉयलर फिटर. पाइप दिसला की पान्यानं ठोकायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "फॅक्टरीतून चांगलाच आलता, इथीच झिजला."

त्याला अस्थिमज्जेचा कॅन्सर झाला. पुढे तो मज्जेबाहेर पसरला आणि बरगडीवर गाठ आली. नागपूरला मीच सोबत गेलो होतो. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, "पेशींतली जनुकं आता बिघडलीत. हे बापाकडून आलेलं नाही, मुलांकडे जाणार नाही."

तरी माझा साळा, त्याच्या पोरीशी ठरलेली आपल्या पोराची सोयरीक मोडायला त्याच्या घरी आला. मीही तिथंच पोहे खात बसलो होतो. दहावीत दोनदा आपटलेला हा गडी म्हणतो, "जनुकाचा रोग म्हंजे खानदानी. तुमची पोरगी आमाले नाई जमत."

फिटरनं शर्ट वर केला, साळ्याचा हात गाठीवर दाबून धरला. "हे माह्यं हाय. माह्यातच झालं. पोरीले काऊन डाग लावता?"

मग माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमी होते ना तिथी? सांगा याले."

साळा चपला घालून निघेपर्यंत मी तोंडातला पोह्यांचा घास गिळलाच नाही.