शांबामामांची बोटं

कुणी कुत्री घेऊन आलं आणि तिच्या पोटाखालची गाठ दाखवू लागलं, की शांबामाम त्या गाठीकडे बघतच नसत. आधी तिच्या काखेत बोटं घालत, मग जांघेत, आणि शेवटी छातीला कान लावून श्वास ऐकत. डिचोली तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा ते तिथले जुने परिचर होते. पहिल्याच आठवड्यात मी सरळ गाठच चाचपू लागले, तर त्यांनी हळूच माझा हात बाजूला केला.

"बाय, ही गाठ खंय पळान जाणा नाय. ह्या गाठीची पिल्लां खंय गेली ती आधी बघूया."

स्तनाचा कॅन्सर जवळच्या गाठींत उतरतो आणि तिथून फुप्फुसात जातो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण काखेतली वाटाण्याएवढी कडक गाठ केसांखाली शोधायची कशी, हे मी त्यांच्या बोटांकडे बघून शिकले. एखादा बैल डोकं एका बाजूला झुकवून उभा दिसला, तर शिंगाच्या मुळाशी कॅन्सर धरलाय हे ते फाटकातूनच ओळखत.

रोग फुप्फुसात पोचलेला असला की मालकाला ते स्वतःच सांगत. मला सांगू देत नसत. "आता कापून तिका आणखी त्रास देव नकात. आवडता तां खावक घाला आणि जवळ बसा." लाटंबार्से गावचा एक माणूस त्यांच्यावर चिडून ओरडला होता, तुला काळीजच नाही म्हणून. मग त्याच्या कुत्र्याला त्यांनीच उचलून गाडीत ठेवलं.

पुढे त्यांची बायको आजारी पडली. वर्षभर अंथरुणावर होती, मग गेली. मुलं नव्हती. कारापूरच्या घरात ते आणि बायकोची लाडकी कुत्री चिंगी, एवढेच उरले. बायको रोज सकाळी चहात बुडवून अर्धा उंडो पाव तिला भरवायची. ते काम आता माम करू लागले.

एका सकाळी ते चिंगीला टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. ती खोकत होती. तिला टेबलावर ठेवून ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

"तुमी बघा, बाय. माजे हात आज चलणत नाय."

पोटाखाली लिंबाएवढी गाठ होती. काखेतली गाठही दगडासारखी लागली. एक्स-रे खिडकीसमोर धरला, तर दोन्ही फुप्फुसांत पांढरे गोल डाग पसरलेले. मामांनी तो पाहिला.

"कापूया, बाय."

"माम..."

"वायच बघूया तरी. वर्षभर मी घरकारणीच्या खाटीकडे बसलंय. ह्या मुक्या जिवाच्या पोटावर एकदा हात फिरवूक जमला नाय माका. तिणां जाताना हिका माज्या हातात दिल्यान."

मी म्हटलं, "माम, ती टेबलावरच जाईल." त्यांनी टॉवेल सारखा केला, चिंगीला उचललं आणि निघून गेले.

तीन आठवड्यांनी चिंगी गेली. तिला घरामागच्या काजूखाली पुरून माम दवाखान्याच्या वेळेला हजर झाले. नखांत माती तशीच होती. त्या दिवशी एक बाई कुत्री घेऊन आली. त्या कुत्रीची गाठ लहान होती, काख मोकळी, छातीचा एक्स-रे स्वच्छ. मी शस्त्रक्रिया केली. पूर्ण वेळ माम कुत्रीचं डोकं तळहातावर तोलून धरून होते, ओल्या कापसानं तिची जीभ भिजवत होते. गाठ अख्खी निघाली. बाहेर ती बाई आनंदानं रडू लागली.

मी हात धुतले. "माम, आज तुम्ही घरी जा. इथलं मी बघते."

शुद्धीवर येणाऱ्या त्या कुत्रीच्या पाठीवर ते हात फिरवत राहिले.

"घरा जावन काय करू, बाय? दार उघडलंय तरी आता कोण भुंकूचा नाय."