धक्का न देणारा साडू

धक्का न देता कसे थांबावे, हे साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात एकाच माणसाला कळले होते आणि दुर्दैवाने तो माझा साडू होता. मी अमरावतीच्या शाळेत चित्रकला शिकवत असे, माझ्याकडे स्वतःचा पेटी-कॅमेरा होता आणि वर मी थोरला जावई. म्हणजे वलगावच्या सासुरवाडीत जे काय कौतुक व्हायचे ते माझे व्हायला हवे होते. पण अकोल्याला सरकी काढायच्या एका जिनात फिटर असलेला हा धाकटा जावई उंबऱ्यातून आत आला, की माझ्या पानावर पडता पडता तूप त्याच्या पानाकडे वळायचे. मी त्याचा मनापासून हेवा करत असे. अजूनही करतो.

चालता चालता एकदम थांबणे त्याला मंजूर नव्हते. तो वेग कमी करत करत थांबायचा, त्यामुळे आमचे दार मागे टाकून चांगला पुढे जायचा आणि मग परत यायचा. शेजारी विचारत, "मास्तर, तुमचे साडभाऊ घर विसरले का?" जेवणावरून उठायलाही त्याला वेळ लागे. आधी हात, मग खांदे, मग बाकीचा देह. एकदा बडनेऱ्याला गाडी इतकी अलगद थांबली, की लोटाभर पाण्यातला थेंब हलला नाही. बाकीचे लोक सामान उतरवत होते आणि हा पळत इंजिनाकडे गेला. ड्रायव्हरला म्हणाला, "वा उस्ताद! हात हाये का लोणी हाये?" ड्रायव्हर कोळशाने काळा झालेला, पण लाजला. माझ्याकडे बघून आयुष्यात कोणी असे लाजलेले मला आठवत नाही.

या वेडाचे मूळ त्याच्या कॅमेऱ्यात होते. एका फिरत्या बायोस्कोपवाल्याला त्याने आपली चालती सायकल दिली आणि बदल्यात सिनेमाचा जुना कॅमेरा घेतला. त्याचे हँडल एकदा फिरवले की एकच चित्र निघायचे. साडू एक चित्र घ्यायचा, समोरचे वांगे तसूभर सरकवायचा, पुन्हा एक चित्र घ्यायचा. मग ती सगळी चित्रे पडद्यावर भराभर धावली, की वांगी आपल्या पायांनी, म्हणजे देठांनी, बाजाराला निघायची. ती वांग्यांची वरात पाहून माझी बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. माझ्या फोटोंवर ती फक्त "बरे आलेत" म्हणायची.

वांगी चालवणे त्याला सोपे वाटायचे. त्याचा जीव अडकला होता तो कॅमेरा चालवण्यात. दोन सागवानी पट्ट्या समांतर ठोकून त्यांना तो साबण चोळायचा, त्यावर कॅमेऱ्याची फळी ठेवायचा आणि ती फळी एका लांब आट्याच्या स्क्रूने पुढे ओढायचा. जिनाच्या भंगारातला स्क्रू होता तो. एक फेरा, एक चित्र. पण सारखे फेरे दिले तर तो स्वतःवरच चिडायचा. "बैल उठला का लगेच पयते का, साडभाऊ? आदी पाव फेरा, मंग अर्दा, मंग पुरा. अन् थांबाचं त पुन्हा उतरत उतरत या लागते." हे ऐकताना मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, हे मला का सुचले नाही?

त्याच सुमारास सासूबाई गोठ्यात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. बाई खाटेला खिळल्या. ज्या मळ्यात त्यांनी वांगी, मेथी आणि शेवंती पिकवली तो मळा नाल्यापलीकडे होता, आणि त्यांचा एकच ध्यास, "मले एक डाव मळा दाखवा." बैलगाडीत घालून पाहिले, पण पहिल्याच चाकोरीत अशा किंचाळल्या की गाडी तिथूनच फिरवली. खाट उचलली तरी तेच. डॉक्टर माझ्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, पावसाळा काढतील असे वाटत नाही.

मी थोरला जावई. मी मळ्यात गेलो आणि माझ्या कॅमेऱ्याने सुरेख फोटो काढून आणले. सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. जावयासमोर पदर ओढून, लेकीच्या तोंडून बोलायची त्यांची रीत. त्यांनी एक फोटो हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि लेकीला म्हणाल्या, "त्यायले सांग, लय चांगलं हाये. पन हे त थांबलेलं हाये व माय."

साडू मात्र अकोल्याला जाऊन मळाच बांधायला बसला. अंगणात टेबल मांडून त्यावर काळ्या मातीची वाफ्यांची रांग, मेणाची वांगी, कापडी शेवंती, मोट ओढणारे चिंध्यांचे बैल. मधून पायवाट, आणि त्या पायवाटेने, टेबलाला न टेकलेल्या पट्ट्यांवरून, कॅमेरा जाणार. सासूबाई वाकून चालत, म्हणून त्याने कॅमेराही खाली उतरवला. "आईची नजर इतकीच वर असते," तो म्हणाला. "अन् धक्का लागला त तिचा खुबा दुखीन." पडद्यावरच्या धक्क्याने खुबा कसा दुखेल, असे मी विचारले. त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच काही अडाण्यासारखे बोललो होतो.

तुळशीची सावली पायरीला टेकली की रोज तेवढ्याच उन्हात तो चित्रे घ्यायचा. सकाळचा सडा त्याने बायकोच्या हातापाया पडून बंद करायला लावला होता. पण मध्येच गुढीपाडवा आला. पाडव्याला अंगण कोरडे ठेवील अशी बाई आमच्या सासुरवाडीत जन्मलेली नाही. त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेहुणीने, घागरी रिचवून सडा घातला, वर रांगोळी काढली. उन्हाने भेगाळलेली ती काळी जमीन पाणी पिऊन फुगली आणि टेबलाचा एक पाय बोटभर वर उचलला गेला. साडूला हे कळले तेव्हा फिल्म मुंबईहून धुऊन आली होती. पुन्हा सगळे करायला वेळ नव्हता.

वलगावला, भर दुपारी, सासूबाईंची खाट होती त्याच कापूस ठेवायच्या खोलीत खिडक्यांना तरट लावून अंधार केला. खाट न हलवता तिच्यासमोर पडदा, आणि थोरला जावई म्हणून खाटेशेजारी मी. साडू मागे पडद्यावर चित्रे टाकायच्या मशीनचे हँडल फिरवत होता. मळा सुरू झाला. वाफे हळूच सरकू लागले, मोटेचे बैल मागेपुढे झाले, शेवंती जवळ आली. खरोखर आपणच चाललो आहोत असे वाटत होते, आणि मी जळून खाक होत होतो. तेवढ्यात पाडव्याची जागा आली. सगळा मळा टुणकन उडाला. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"दांड आला," सासूबाई अंधारात म्हणाल्या. "पाय उचलून टाका, बापू. इथं पाणी असते." आणि त्यांनी माझे मनगट धरले. दांड म्हणजे वाफ्यांना पाणी नेणारा चर. खऱ्या मळ्यात तो त्या जागी होताच, रोज ओलांडायच्या त्या. जावयासमोर कधी तोंड न उघडलेली ती बाई मला थेट 'बापू' म्हणून, माझा हात धरून मेथीपर्यंत, विहिरीपर्यंत, चिंचेच्या सावलीपर्यंत गेली. तरट काढल्यावर त्यांनी हात सोडला आणि पदर पुढे ओढला.

पावसाळ्याआधीच त्या गेल्या. त्यानंतर साडू अमरावतीला आला, की चहा पिता पिता एकच विचारायचा, "आईनं हात एकदम धरला होता, का हळूहळू?"

"एकदम," मी सांगायचो.

"घट्ट?"

"घट्ट."

तो बराच वेळ माझ्या मनगटाकडे बघायचा. त्याच्या डोळ्यांत तेव्हा हेवा असायचा, अगदी माझ्या ओळखीचा. एकदा मला राहवले नाही. म्हटले, "अहो साडभाऊ, चालल्या त्या तुमच्या मळ्यात."

"हो," तो म्हणाला. "पन हात तुमचा होता न. मी त मांगं हँडल फिरवून राहिलो होतो."

मग आम्ही दोघे एकमेकांचा हेवा करत उरलेला चहा संपवायचो. आता साडूही नाही. गावात पुष्कळ मोठी माणसे आहेत, काहींकडे तर मोटारी आहेत, पण ज्याचा हेवा करावा असे कोणी मला दिसत नाही.