एकसष्टवर थांबलेली बेरीज

पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव दिवाळीनंतर निम्मं रिकामं होतं. आई-बाप दोघंही ऊसतोडीला जाणार आणि घरी सांभाळणारं कुणी नाही, अशा मुलांना शाळेतल्या हंगामी वसतिगृहात ठेवतात. जागा किती, हे दिवाळीआधीच्या मोजणीवर ठरतं. ती मोजणी मी सतरा वर्षं केली. फुटपट्टी, लाल पेन्सिल आणि वही. मुख्याध्यापक म्हणायचे, "गुरुजींचा आकडा परत बघायला नको."

मग नव्या मॅडम आल्या. त्यांनी कॉम्प्युटरवर एका कुटुंबाला एक ओळ दिली. दोघं जाणार का, घरी कुणी आहे का, मुलं किती, असे रकाने केले. दोन्ही अटींत बसणारी कुटुंबं एका चौकटीत मोजली गेली, त्यांच्या मुलांची बेरीज शेजारच्या चौकटीत आली. मला याला दोन दिवस लागायचे. मुख्याध्यापक खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. शिपायाने चहासुद्धा आधी तिकडेच नेला.

"गुरुजी, फुटपट्टी आता पोरांना देऊन टाका!" मुख्याध्यापक म्हणाले.

मी हसलो. पण तो चहा मला गेला नाही.

वस्तीवरची सहा कुटुंबं मोजायची राहिली होती. ती मी नोंदवून आणली. मॅडम वर्गावर निघाल्या होत्या. "सर, तेवढ्या ओळी खाली टाकाल? बेरीज आपोआप बदलेल."

मी टाकल्या. चार कुटुंबं अटींत बसत होती, त्यांची मुलं सात. वर पाहिलं. बेरीज एकसष्ट होती ती एकसष्टच. फॉर्म्युला जुन्या शेवटच्या ओळीपाशीच थांबत होता.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. सोमवारी विस्तार अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर वही उघडायची, असं मी मनात ठरवलं. पण मुख्याध्यापकांनी सोमवारची वाट न बघता यादी त्याच संध्याकाळी पाठवली. मी शेजारीच उभा होतो. थांबा म्हणालो नाही.

सोमवारी अधिकारी आलेच नाहीत, मंजुरी एकसष्टचीच आली. वस्तीवरचा एक बाप शाळेत आला. "गुर्जी, पोरीचं नाव न्हाई म्हनत्यात. तुमीच लिवून नेलं हुतं ना?"

"बघतो."

"कवा बघता? उद्या गाडी हाय."

तेव्हा मी वही काढली. पुरवणी यादी गेली, पण ती मंजूर होईपर्यंत ऊसतोडीच्या गाड्या जाऊन तीन आठवडे झाले होते. सातही मुलं आई-बापाबरोबर गेली. ती मुलगी चौथीत होती.

बैठकीत मॅडम उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. फॉर्म्युला पुढे वाढवायचा राहिला. पुढच्या वर्षीपासून शेवटची नजर सरांची." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हवं होतं ते असं मिळालं.

यंदा तक्ता तपासताना मला राहवलं नाही. "मॅडम, त्या वेळी बेरीज हलली नाही, ते मी पाहिलं होतं."

त्यांनी एवढंच विचारलं,

"किती वाजता, सर?"

"दीडला."

"मी दोनला वर्गावरून येऊन तुमच्या शेजारीच बसले होते," त्या म्हणाल्या. "यादी पाचला गेली."