वाळूतली मेथी

कम्युनिटीतल्या नाशिककरांनो, आज मला मिरवायचंच आहे!

माझे वडील, नाना, पहिल्यांदाच माझ्या सासरी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आले. सोबत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या, आमच्या नाशिकच्या मळ्यातल्या मेथीच्या जुड्या. "खाऱ्या वाऱ्यात पोरीला कुठली पालेभाजी?" म्हणून.

दुपारी मी मेथी वाढली. पहिल्याच घासाला नाना सासूबाईंना म्हणाले, "बघा विहीणबाई, आपल्या मळ्याची चव लपत नाय!"

त्यांच्या जुड्या अजून गोणपाटातच होत्या. मी नानांना मागच्या दारी नेऊन वाळूत पेरलेली माझी मेथी दाखवली.

नानांनी उकिडवं बसून मुठीत वाळू घेतली, बोटांतून गाळून पाहिली. मग म्हणाले, "मी काय खोटं बोललो? आपलाच मळा हाय की हा!"

मैत्रिणींनो, तुमच्या सासरच्या अंगणाला वडील कधी 'आपलं' म्हणालेत?