न आलेल्या सिनेमांच्या पाट्या

मिमोसाचा पिवळा बहर ओसरला आणि फोरव्हिलच्या बाजारात शतावरीच्या जुड्या दिसू लागल्या, की सोलांजबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत पातळ लाकडी पाट्या वाळत ठेवतात. पांढरं अस्तर दिलेल्या, वहीपेक्षा थोड्या मोठ्या. खालच्या गल्लीतून पाहिलं तर वाटतं, कुणीतरी समुद्राकडे तोंड करून कोऱ्या पानांचं पुस्तक उघडून ठेवलंय.

सिनेमांचा महोत्सव मे महिन्यात असतो. तेव्हा आमच्या कान शहरात, लाल गालिच्याच्या पायऱ्यांपासून थोड्या अंतरावर, माणसं दुपारपासून उभी राहतात. ठेवणीतले काळे कोट, लांब झगे, आणि हातात एक पाटी: अमुक सिनेमाचं जादा तिकीट असेल तर कृपा करून द्या. कुणाच्या पाहुण्याचं विमान चुकतं, कुणाची बायको ऐन वेळी रुसते, आणि एखादं तिकीट पाटीवाल्याच्या हातात येतं. सोलांजबाईंनी बहुतेक सगळे सिनेमे असेच, दुसऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिले आहेत.

बाकीचे लोक एप्रिलमध्ये निवडलेल्या सिनेमांची यादी जाहीर झाल्यावर पाटी करतात, तीही खोक्याचा तुकडा फाडून, जाड पेनाने. बाईंना ते पाहवत नाही. त्यांचे वडील दुकानांची आणि होड्यांची नावं रंगवायचे. आता होड्यांची नावं यंत्रावर कापून मिळतात, म्हणून बाई रोज सकाळी बाजारातल्या दगडी पाट्यांवर खडूने भाव लिहून देतात. टोमॅटो, आर्टिचोक, बांगडा. "अक्षराला सावकाशी लागते," त्या म्हणतात. "यादीची वाट बघत बसले तर रंग वाळायचा कधी?" म्हणून कोणते सिनेमे येतील याचा अंदाज करून त्या आधीच पाट्या लिहून ठेवतात.

हा अंदाज वर्तमानपत्रवाल्यांसारखा नसतो. कुणीतरी कुठल्याशा बर्फाळ गावात चित्रीकरण करतोय, एवढी कुणकुण त्यांना पुरते. नाव आवडलं की त्या ब्रश उचलतात आणि लिहिता लिहिता तो सिनेमा सांगू लागतात. 'हिवाळ्यातली मावशी' मला अशीच ठाऊक आहे. तीत एक बाई गोठलेल्या तळ्यावर घर बांधते आणि वसंताला घाबरते. 'मिठागराची मुलगी' मी त्यांच्याकडे कॉफी पिताना तीन वेळा ऐकली, दर वेळी शेवट निराळा. त्यांच्या वरच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्याने राहते. त्या सहा वर्षांत असे बहुतेक सिनेमे महोत्सवाला आलेच नाहीत. डझनभर पाट्यांतली एखादी खरी ठरते, बाकीच्या कपाटामागे जातात.

बाजारात यावरून चेष्टा चालते. मासळीवाला ओनोरे आणि बाई एका वर्गात होते. तो म्हणतो, "सोलांज, रविवारी पाऊस आहे म्हणे. तेवढा लिहून टाक पाटीवर, म्हणजे यायचा नाही."

"तुझं नाव लिहू का?"

"माझं नको. माझ्या सासूचं लिही. नाताळला येणार आहे."

गेल्या वर्षी मात्र ही चेष्टा चेष्टा राहिली नाही.

बाईंची एकुलती मुलगी कोराली पॅरिसला असते. सिनेमात एखादी नटी जिना उतरते, तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुधा तिची नसतात. नंतर एका अंधाऱ्या खोलीत, पडद्याकडे बघत, दुसरंच कुणी चालतं. कोरालीचं काम ते. बुटांनी भरलेली एक बॅग घेऊन ती हिंडते आणि मोठमोठ्या नटांसाठी चालते, धावते, अडखळते. घरी यायला तिला सवड नसते. चार वर्षांत ती दोन रात्रींपेक्षा जास्त कधी राहिली नव्हती.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. एका नव्या दिग्दर्शिकेच्या पहिल्याच सिनेमासाठी ती चालली होती. नाव 'चुनखडीची वाट'. महोत्सवाला जाईल अशी कुजबुज होती. गेला तर स्टुडिओ तिला कायमचं ठेवून घेणार होता. नाही गेला तर हातात दुसरं काम नव्हतं. पॅरिसची खोली सोडून ती उन्हाळ्यात घरी येणार होती, कदाचित राहायलाच.

बाईंनी फोन ठेवला आणि त्या कोरालीच्या खोलीचे पडदे धुवायला काढले. मग थांबल्या. पडदे हातात तसेच धरून म्हणाल्या, "धूळ फार बसते गं."

बाजारात ही बातमी त्यांनीच सांगितली. ओनोरे सार्डिन साफ करत होता. सुरी न थांबवता तो म्हणाला, "एक कर. त्या सिनेमाची पाटी लिहू नकोस."

"तू कधीपासून असल्या गोष्टी मानायला लागलास?"

"मी मानत नाही. तू लिहू नकोस."

"माझ्या लिहिण्याने पॅरिसच्या लोकांचं काय अडतंय?"

"काही नाही अडत. म्हणून तर सांगतोय, नको लिहूस."

मार्चभर त्या इतर पाट्या लिहीत राहिल्या. 'सातव्या मजल्यावरची शेळी' लिहिली, तिची गोष्टही सांगितली, पण अर्ध्यातच त्यांचं लक्ष उडालं. खिडकीत एक पाटी कोरी होती. तिच्यावर पेन्सिलीने अक्षरांच्या रेघा आखलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं. दुपारी ऊन तिच्यावर येई तेव्हा बाई शेजारी बसून म्हणत, "कसा असेल गं तो सिनेमा? मला नुसती वाट दिसते. पांढरी. माणसं दिसतच नाहीत, फक्त कुणीतरी चालत येतंय." कुणीतरी कुठे येतंय, हे मी विचारत नसे.

यादी गुरुवारी सकाळी जाहीर व्हायची होती. बुधवारी दुपारी मी खाली गेले तर पाटी लिहिलेली होती. निळ्या रंगात. इतकी देखणी अक्षरं मी त्यांच्या हातून उतरलेली पाहिली नव्हती. 'वाट'चा शेवट एका बारीक फटकाऱ्यात ओढला होता, जणू ती वाट पाटीबाहेर निघाली होती. बाई ब्रश धुवत होत्या. "अक्षरं कशी बसतात ते बघत होते," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

तेवढ्यात ओनोरे उरलेली मासळी द्यायला आला. त्याने पाटी पाहिली. टोपी काढून तो खुर्चीवर बसला.

"ही पाटी नाही, सोलांज," तो हलकेच म्हणाला. "तू पोरीला घरी बोलावलंयस."

"घर तिचंच आहे."

"आहे ना. पण तिची चाल तिथे आहे."

ओनोरे गेला. खिडकीबाहेर बंदरातल्या डोलकाठ्या हलत होत्या आणि त्यांच्या दोऱ्या बारीक किणकिणत होत्या. बाईंनी टर्पेंटाइनची बाटली उघडली, चिंधी भिजवली आणि पाटी पुसायला लागल्या. आधी 'वाट' गेली, मग चुनखडी. अस्तरावर निळसर ढग राहिला. तोही त्या पुसत राहिल्या. मी चिंधी घ्यायला हात पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "नको. माझं मला करू दे."

गुरुवारी ओनोरेच्या ठेल्यावर रेडिओ लावलेला होता. पॅरिसहून एक माणूस सावकाश नावं वाचत होता. आजूबाजूला घासाघीस चालू होती, लिंबं पिशवीत पडत होती. बाई लाल मासळीचा भाव लिहीत होत्या. मुख्य स्पर्धेची नावं संपली. त्यात ते नव्हतं. ओनोरेने आवाज कमी करायला हात नेला, तेव्हा त्या माणसाने दुसऱ्या विभागाची नावं सुरू केली आणि तिसरं नाव 'चुनखडीची वाट' आलं.

खडू थांबला नाही. बाईंनी अक्षर पूर्ण केलं.

"ऐकलंस का?" ओनोरे म्हणाला.

"ऐकलं. भाव कालचाच लिहू ना?"

मग त्या नळाकडे हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ धूत राहिल्या. परत आल्या तेव्हा चेहरा ओला होता आणि हसरा होता, दोन्ही खरं. फुलवालीने त्यांना मिठी मारली. ओनोरेने सगळ्यांना गरम सोका, म्हणजे इथली बेसनाची धिरडी, आणवली.

मे महिन्यात कोराली आली, दोन रात्रींसाठी. तिला एकच तिकीट मिळालं होतं, दुपारच्या खेळाचं. ते तिने आईच्या हातात ठेवलं. "मी त्यातलं प्रत्येक पाऊल टाकलंय. मला पाठ आहे. तू जा." बाई निळा झगा घालून पायऱ्या चढल्या. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आम्ही दोघी समुद्राकडच्या कठड्यावर बसलो. पाटीवाले उन्हात उभे होते. वाऱ्याने त्यांच्या पाट्या सगळ्या एकदम एका बाजूला कलत होत्या.

"आईने माझी पाटी लिहिली होती?" कोरालीने विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "लिहिली. मग पुसली."

ती हसली, पण लगेच थांबली. "फेब्रुवारीत मी फोन केला तेव्हा ती इतका वेळ गप्प होती की मला खिडकीबाहेरचे सीगल पक्षी ऐकू येत होते." तिने बूट काढून शेजारी ठेवले. "खरं सांगू? यादीच्या आदल्या दिवशी मी माझ्या खोलीत सामान बांधायला घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. बांधताना बरं वाटत होतं."

"हे तिला सांगशील?"

"कशाला? सांगितलं तर माझ्या खोलीचे पडदे धुवायला काढेल."

सिनेमा सुटला. गर्दीतून बाई येताना दिसल्या, हातात पर्स घट्ट धरलेली, डोळे उन्हाला मिचमिचे झालेले.

"कसा होता?" कोरालीने विचारलं.

"मी डोळे मिटून बसले होते."

"आई."

"मग काय करू? बायका सुंदर होत्या म्हणे. मला तूच चालताना ऐकू येत होतीस. एकदा दमलीस. टेकडी चढताना."

"तो कामाचा दुसरा दिवस होता. खरंच दमले होते."

"कळलं मला." त्यांनी पर्स दुसऱ्या हातात घेतली. "आणि एक सांगायचंय. सप्टेंबरपासून तुझी खोली मी भाड्याने देतेय."

"कुणाला?"

"मिळेल कुणीतरी. समुद्र दिसतो खिडकीतून."

"भाडं किती?"

"तुला परवडायचं नाही."

कोराली आईकडे बघत राहिली. बाई समुद्राकडे बघत राहिल्या. मग कोरालीने बूट पायात घातले आणि आम्ही सुके या आमच्या जुन्या वस्तीच्या चढाला लागलो. ऊन उतरत होतं, दगडी पायऱ्या अजून कोमट होत्या. पहिल्या वळणावर बाई थांबल्या. दम लागला असेल म्हणून कोरालीने हात पुढे केला.

"नको," त्या म्हणाल्या. "तू हो पुढे. मी येते मागून."

कोराली पुढे झाली. तिच्या टाचा दगडावर वाजू लागल्या, आधी जरा बिचकत, मग तिच्या नेहमीच्या चालीने. बाई भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. ती वरच्या वळणाआड जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत, आणि मीही.