बिनआवाजाचं हेल्मेट

मी मोजमाप शिकवतो. यवतमाळच्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला सत्तावीस वर्षं झाली. व्हर्नियर कसा धरायचा, मोजायच्या जागेवर तेल किंवा कचरा असेल तर आधी ती जागा कशी पुसून घ्यायची, हे मी दरवर्षी नव्या पोरांना सांगतो. अंदाजपंचे काम करणारा पोरगा दिसला की माझं डोकं फिरतं. आणि याच माणसानं स्वतःच्या बायकोच्या डोक्याचं माप दुपट्ट्यावरून घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे उन्हाळ्यात उघड्या डोक्यानं कोणी घराबाहेर पडत नाही. गाडीवर बसायचं म्हणजे आधी दुपट्टा डोक्याला, कानाला, तोंडाला गुंडाळायचा, डोळे तेवढे उघडे ठेवायचे. तिचं हेल्मेट जुनं झालं होतं, आतला स्पंज पावडरीसारखा गळत होता. नवं घ्यायचं ठरलं. ती दुपट्टा बांधून दारात तयार उभी होती, दुपट्ट्याखाली अंबाडा, आणि मी तिथंच टेप काढून माप घेतलं. एकोणसाठ सेंटीमीटर. तेवढ्या मापाचं हेल्मेट एकटाच जाऊन घेऊन आलो. उन्हाळाभर ते छान बसलं. पाऊस सुरू झाला, दुपट्टा खुंटीवर गेला आणि हेल्मेट डोक्यावर हलायला लागलं. ती मागं बसल्या बसल्या एका बोटानं ते वर सारायची. मला आरशात दिसायचं. पुढच्या खेपेला बदलून घेऊ, असं मी दर वेळी मनात म्हणायचो.

घरी आम्ही दोघंच. गाडीवर फिरणं हाच आमचा एक नाद. माहूर झालं, सहस्रकुंड झालं, एकदा दोन दिवस लावून अजिंठ्याला जाऊन आलो. दसऱ्याला नागपूर तर ठरलेलंच. तिचं माहेर फुलसावंगीला, तिकडं महिना-दीड महिन्यातून एक चक्कर व्हायची. भाद्रपदात तिकडूनच परत येत होतो. तुरीच्या वावरातून रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. मी ब्रेक दाबला, गाडी घसरली, दोघंही पडलो. माझं कोपर सोलवटलं. तिचं हेल्मेट पट्टा लावलेला असूनही डोक्यातून निघालं आणि भिरभिरत नालीत गेलं. तिच्या डोक्याची डावी बाजू डांबराच्या कडेवर आपटली.

जीव वाचला. डावा कान गेला तो गेलाच. उजव्या कानानं ऐकू येतं, पण त्याला आता मोठा आवाज सोसत नाही. कुकरची शिटी, मिक्सर, गल्लीतल्या वरातीचा डीजे, सगळं तिला सुईसारखं टोचतं. दिवसभर ती त्या कानात कापूस घालून फिरते. आपल्या जिल्ह्यात दुसरं काही मिळो न मिळो, कापूस मिळते, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि हसायची.

हेल्मेट निघालं कसं, हे मला कोणीच विचारलं नाही. पाहायला आलेले सगळे म्हणाले, नशीब. तीही म्हणाली, "रोही आला, त्याले कोन काय करन?" मी मान हलवली. तिथंच सांगायला हवं होतं. दवाखान्यात पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. नाही सांगितलं, आणि मग दर दिवसागणिक ते जास्त अवघड होत गेलं.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत मला काही वाटत नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. रडू आलं नाही, राग आला नाही, भूकही लागली असेल असं समजून जेवायचो. दात काढताना हिरडीला इंजेक्शन देतात, त्यानंतर गालाला हात लावला तर गाल दुसऱ्याचा वाटतो. मी सगळाच तसा झालो होतो. वर्कशॉपमध्ये पोरं चुकीची मापं घ्यायची आणि मी पुढच्या टेबलाकडं जायचो.

घरात मी एक सोय केली. आयटीआयमधून एक जुना पांढरा फळा आणला आणि फ्रिजशेजारी लावला. दूध आणलं. गॅस संपत आला. पाच वाजता डॉक्टर. जे काही सांगायचं ते मी त्यावर लिहायचो. तिच्या कानाला त्रास नको, मोठ्यानं बोलायला नको, असं मी स्वतःला समजावत होतो. आधी माझ्या तोंडाची टकळी दिवसभर चालायची, स्टाफरूममध्ये मला रेडिओ म्हणत. फळा आला आणि रेडिओ बंद पडला. ती फळा वाचायची, काम करायची. कधीमधी खाली 'बरं' असं लिहून ठेवायची.

फेब्रुवारीच्या शेवटी ती म्हणाली की माहेरी जायचं. यष्टीनं निघालो. आर्णीपर्यंतसुद्धा तिला सोसलं नाही. खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या, त्यात हॉर्न. आर्णीच्या स्टँडवर उतरून ती उजव्या कानावर दोन्ही हात दाबून बाकावर बसली. तोंड पांढरं पडलं होतं. तिथून उलट घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फर्मान काढलं.

"मले आवाज न करनारं हेल्मेट आनून द्या. मी गाडीवरच जाईन."

कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गाडीवर बसायला हरकत नाही, पण हवेचा आवाज त्या कानावर तासन् तास आदळता कामा नये. राहिलेला कान जपायचा आहे. म्हणजे हेल्मेट चुकलं तर तोही जाणार.

मी कामाला लागलो. माझं असं आहे की मोजता येईल असं काम दिलं की मी बरा असतो. आठ दिवसांत मी हेल्मेटमधला पंडित झालो. आवाज येतो तो इंजिनाचा कमी आणि हवेचा जास्त. हवा शिरते हनुवटीखालून आणि मानेमागून. काचेच्या रबरात फट असली की शिटी वाजते. वर डौलासाठी शिंगं, पंख, हवेची भोकं काढलेली असतात, ती जितकी जास्त तितका गोंगाट जास्त. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माप. ढिलं हेल्मेट कधीच शांत नसतं. ते वाक्य मी दोन-तीन ठिकाणी वाचलं. वाचून पुढं गेलो.

यवतमाळातल्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार म्हातारा होता, घाई नसलेला. त्यानं तिचा अंबाडा सोडायला लावला, केस खाली सैल बांधायला सांगितले आणि कपाळावरून टेप फिरवली.

"पंचावन्न," तो म्हणाला. "ताईचं डोकं लहान हाय. पहिले कोनतं वापरत व्हत्या?"

ती त्याच्याकडं डावी बाजू करून उभी होती. म्हणजे तिला ऐकू गेलं नव्हतं. मी खालच्या आवाजात सांगितलं, एकोणसाठ.

"अर्रे! मंग ते तर डोक्यातून निंघूनच जाईन."

दुकानातला कूलर नुकताच बाहेर काढलेला होता, नव्या वाळ्याचा वास येत होता. मी वाळ्यावरून ओघळणारं पाणी बघत राहिलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तेवढंही नव्हतं, नुसता अंधार.

त्या कूलरचाच मग उपयोग झाला. हेल्मेटचा आवाज दुकानात कसा कळणार? मी कूलर पूर्ण जोरात लावायला सांगितला आणि तिला एकेक हेल्मेट घालून त्याच्यासमोर वाकून उभं केलं, गाडीवर बसल्यासारखं. दुकानदार हसायला लागला. पहिल्याला वर चार भोकं होती, तिनं तोंड वाकडं करून लगेच काढलं. दुसऱ्यात आतून खाली सरकणारी काळी काच होती. दिसायला झकास, पण त्या काचेसाठी आत जी पोकळी ठेवलेली असते तिच्यात आवाज घुमतो. "डब्यात बसल्यावानी वाटते," ती म्हणाली. तिसरं अगदी साधं, राखाडी, अंमळ जड. मानेभोवती जाड गादी, कानाजवळ खोल जागा, वर काहीही नाही. ते घालताना गाल इतके दाबले गेले की तिचे ओठ पुढं आले.

"लय घट्ट हाय," ती म्हणाली.

"तसंच पाहिजे ताई," दुकानदार म्हणाला. "मुंडी हलवा. हेल्मेटसंगं गालाची कातडी हलली पाहिजे. पंधरा दिवसांत गादी बसते."

ते हेल्मेट घालून ती अर्धा तास दुकानातल्या स्टुलावर बसली. कुठं एका जागी टोचतं का हे बसल्यावरच कळतं, उभ्या उभ्या नाही. काढल्यावर मी तिचं कपाळ पाहिलं. लाल वळ नव्हता, सगळीकडं सारखा दाब होता. हेच घेतलं.

नंतरचे दोन रविवार बायपासवर तपासणी. ठरलं असं की ठीक असेल तर तिनं माझ्या पाठीवर एकदा थापटायचं, टोचलं तर दोनदा. ताशी चाळीसला एकदा. पन्नासला एकदा. साठला दोनदा. मी हनुवटीवरची हवेची फट चिकटपट्टीनं बंद केली आणि पंचावन्नची मर्यादा ठरवली. पाठीवरची ती थाप सोडली तर आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर ही सगळी धडपड म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सांगायचं होतं ते सोडून मी बाकी सगळं करत होतो.

मार्चमध्ये एका सकाळी निघालो. आर्णी गेलं, महागाव गेलं. ट्रक बाजूनं गेले की मी पाठीवर दोन थापा येतात का याची वाट बघायचो. आल्या नाहीत. महागावहून फुलसावंगीचा रस्ता लागला. तूर निघालेली, वावरं रिकामी, पळस पेटलेला. रस्ता खराब म्हणून मी पस्तीसवर आलो. गरम होत होतं, माझ्या हेल्मेटची काच वर केली. आणि ती जागा आली. तिथं खूण अशी काही नाही. नाली, डांबराची कड, वावर. पण मला बरोबर कळलं.

मागं बसून तिला माझं बोलणं कधीच कळलेलं नव्हतं. वीस-पंचवीस वर्षं मी पुढून ओरडायचो आणि ती मागून 'काय?' म्हणायची. आता तर एक कान गेलेला, दुसऱ्यात कापूस आणि त्यावर एवढी जाड गादी. म्हणजे मी एकटाच होतो. मी बोललो. आमच्या घरच्या बोलीत, मोठ्यानं, समोरच्या रस्त्याकडं बघून.

"माप म्या दुपट्ट्यावरून घेतलतं. चार सेंटीमीटर मोठं आनलतं. ते हलून राह्यलं व्हतं ते मले आरशात दिसे. म्या बदललं नाही. रोह्यानं नाही, तुहा कान म्या घेतला."

पाठीवर थाप आली नाही. एकही नाही, दोनही नाही. मी गाडी चालवत राहिलो. हलकं वगैरे काही वाटलं नाही. बोललो, झालं.

पुढं फाट्यावर चहाची टपरी आहे. तिथं थांबलो. तिनं हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं, घामानं चिकटलेले केस मागं सारले. चहा आला. मी नेहमीसारखा समोरच्या बाकावर बसलो होतो. तिनं अर्धा चहा पिला आणि म्हणाली,

"हेल्मेट चांगलं हाय. तुमचं बोलनं हवेसंगं मांगं येते. पहिले त्या हवेच्या आवाजात समजे नाही. आता सगळं समजते."

मी कप खाली ठेवला. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला भीती वाटली, आणि ती वाटते आहे हे मला कळत होतं.

"ते ढिलं हाय हे मले मालूम नव्हतं का?" ती म्हणाली. "माह्याच डोक्यात तर व्हतं. मी बी बोलली नाही. तुम्ही एवढ्या हौसेनं आनलतं." मग तिनं उरलेला चहा संपवला. "ते जाऊ द्या. पन सहा महिन्यांपासून तुम्ही माह्यासंगं बोलून नाही राह्यले. फळ्यावर लिहून राह्यले. मले वाटलं, आता बहिरीसंगं कोन डोकं फोडत बसते?"

मला रडू फुटलं, टपरीवरच्या चार माणसांदेखत. ती बाकावर थोडी सरकली आणि उजव्या बाजूला जागा केली.

"इकून बसा," ती म्हणाली. "इकून आयकू येते."

मी तोंड पुसलं, उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. काय बोलावं ते सुचत नव्हतं. तरी बोलायला लागलो.